परळीचा ठिपका

भारतातील वीजनिर्मिती केंद्रांचा नकाशा उघडावा आणि बीड जिल्ह्यावर यावे. एक ठिपका डोळ्यांत भरतो: परळी वैजनाथ. ठिपक्याचा आकार बहुधा क्षमतेवरून ठरतो, म्हणून तो मोठा. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये ११३० मेगावॅटचे हे केंद्र पूर्ण थांबले होते. कोळशाअभावी नव्हे, पाण्याअभावी!

परळीचा पहिला संच १९७१ चा, अवघा ३० मेगावॅटचा. १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. औष्णिक केंद्रात कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. वाफेसाठी आणि त्याहून कितीतरी अधिक ती थंड करण्यासाठी. हे पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून येई आणि तेथे माजलगाव धरणातूनही सोडले जाई.

माजलगावला पाणी कोठून? जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून, जो गेवराई तालुक्यातून जातो. चकलांबा याच तालुक्यातले. म्हणजे परळीच्या ठिपक्याची अर्धी कथा ठिपक्याच्या बाहेर, पैठण ते माजलगाव या वाटेवर आहे. दुष्काळात पिके, पिण्याचे पाणी आणि वीज यांचा वाटा एकाच धरणसाखळीतून काढावा लागला. जुलै २०१५ मध्ये केंद्र पुन्हा बंद पडले. नकाशावर ठिपका मात्र तसाच राहिला.

‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ने २०१८ मध्ये जगभरच्या केंद्रांची खुली सूची प्रसिद्ध केली, पुढे तिच्यात १६७ देशांतील सुमारे ३५ हजार केंद्रे आली. औष्णिक केंद्र नोंदवणे तसे सोपे: चिमणी उंच, पत्ता एक. सौर प्रकल्प मात्र जमिनीवर पसरतो. म्हणून मायक्रोसॉफ्ट आणि ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’च्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवर संगणकाला शिकवून भारतातील १३६३ सौर प्रकल्प रेखाटले (२०२२). त्यांपैकी ७४ टक्क्यांहून अधिक विकास शेतीच्या किंवा निसर्गदृष्ट्या मोलाच्या जमिनीवर झाल्याचे त्यांना आढळले.

२०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तर प्रकल्प उपकेंद्रांच्या आसपास, लहान लहान तुकड्यांत उभे राहतात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू रास्तच. सौर पटलांना थंड ठेवण्यासाठी गोदावरीचे पाणी लागत नाही. धूळ धुण्यापुरते लागते. पण जागा लागते, आणि गायरान म्हणजे ‘पडीक’ जमीन, हे समीकरण कागदावरच सोपे असते. तेथे शेळ्या चरतात. परळीच्या ठिपक्यात पाणी दिसले नव्हते. सौर प्रकल्पाच्या चौकोनात या शेळ्या दिसत नाहीत.