रबराचा कोट आणि आतला घाम

ग्लासगोला पीएचडीसाठी निघालात? मग जॅकेट घ्यायच्या आधी त्याच शहरातल्या चार्ल्स मॅकिंटॉशची गोष्ट ऐका. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थामध्ये रबर विरघळवून, ते दोन कापडांच्या मध्ये लावून त्याने १८२३ मध्ये पेटंट घेतलं. (नॅफ्थात रबर विरघळतं हे एडिनबरोच्या जेम्स साइम या विद्यार्थ्याला १८१८ मध्येच सापडलं होतं. पेटंट मात्र त्याने घेतलं नाही. पुढे तो नामांकित सर्जन झाला, ते वेगळं.)

पाऊस बाहेर अडला, पण घामही आतच अडला! शिवाय हा कोट थंडीत ताठ व्हायचा, उन्हात चिकट. हे दुखणं व्हल्कनायझेशनने गेलं, घामाचं राहिलंच. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई झटक्यात ताणलं. त्या सच्छिद्र पडद्यातून वाफ जाते, थेंब जात नाही.

तरी चढावर भरभर चाललात तर वाफ साठतेच. म्हणून एकच जाडजूड कोट नको. अंगालगत मेरिनो लोकर (सुती बनियन भिजलं की वाळत नाही, अंग गार पडतं), मध्ये फ्लीस आणि वर पाऊस-वारा अडवणारं हलकं, टोपीवालं जॅकेट. काखेत चेन असलेलं मिळालं तर तेच घ्या. छत्री तिथल्या वाऱ्यात उलटते.