अर्ध्या सेकंदाची फितुरी

लढायांच्या गोष्टी सांगणारा फौजी आज संगणकाकडे कसा वळला, असं वाटेल तुम्हाला. पण किल्ले पडले ते बरेचदा आतल्या माणसामुळे, आणि ही गोष्ट तशीच आहे.

इयन मर्डॉकने १९९३ साली डेबियन सुरू केलं. जगभरचे स्वयंसेवक मोफत सॉफ्टवेअर घेतात, तपासतात, बांधून त्याची पॅकेजेस करतात. कुठलं पॅकेज बांधायला आधी काय लागेल, याची यादी त्याच्यासोबत असते. चूक दिसली तर कुणीही तक्रार नोंदवावी. तिला क्रमांक मिळतो आणि ती सगळ्यांना वाचता येते. पुरवठ्याच्या याद्यांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच पटतं.

एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं साधन. ते सांभाळत होता फिनलंडचा लास कॉलिन, जवळजवळ एकटा, बिनपगारी. २०२१ पासून 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी मदतीला आलं. पुढच्या वर्षी इतर काही नावांनी कॉलिनला टोचणं सुरू झालं : काम रेंगाळतंय, दुसऱ्याकडे द्या. थकलेल्या माणसाने विश्वास टाकला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आवृत्ती आली. विष चाचणीच्या फायलींत दडवलं होतं, आणि ते जागं करणारा तुकडा फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होता, सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये नाही. डेबियन किंवा रेड हॅट धर्तीचं पॅकेज बांधलं जातंय, हे पाहूनच ते कामाला लागे. निशाणा होता एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायचा दरवाजा. खरं तर एसएसएचला एक्सझेड लागतच नाही! पण डेबियनने त्याला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिला एक्सझेड लागत होतं. वेशीवर पहारा आणि शत्रू भटारखान्यातून आत, असा प्रकार.

कहर म्हणजे २५ मार्चला डेबियनच्याच तक्रारनोंदीत एका अनोळखी नावाने विनंती आली : ५.६.१ लवकर घ्या. चौकीचाच वापर घुसखोरीसाठी.

पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामरने. डेबियनच्या अस्थिर शाखेवर काम करताना त्याला एसएसएचच्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. व्हॅलग्रिंड या तपासणी साधनाची काही आठवड्यांपूर्वीची कुरकुरही त्याला आठवली. (याच व्हॅलग्रिंडची कुरकुर थांबवण्यासाठी २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलचा कोड बदलला गेला, आणि मे २००८ पर्यंत अंदाजाने ओळखता येतील अशा किल्ल्या तयार होत राहिल्या. तेव्हा पहारेकऱ्याचं तोंडच बंद केलं होतं.) फ्रॉइंडने मुळाशी जाऊन २९ मार्चला सगळं जाहीर केलं. डेबियनची स्थिर आवृत्ती तोवर बाधित झाली नव्हती.

जिया टॅन कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

डेबियनमध्ये पॅकेजचा क्रमांक मागे नेता येत नाही. म्हणून जुनं, स्वच्छ एक्सझेड परत आणताना त्यांनी क्रमांक दिला : ५.६.१+रिअली५.४.५. माघारीची इतकी प्रामाणिक नोंद मी सैन्यातसुद्धा फारशी पाहिली नाही.