कागदावरच्या तीन रेघा



आमच्या गटाचं उडदाच्या पापडाचं पाकीट २०० ग्रॅमचं. मागच्या वर्षी एका दुकानदाराने वजन कमी म्हणून पाच पाकिटं परत पाठवली. त्या दिवशी भरायला बसलेल्या ताईला आम्ही ५० रुपये दंड लावला. ती काही बोलली नाही, पण दोन आठवडे कामाला आली नाही. त्या दंडाचं पुढे काय झालं ते सांगतोच. आधी शंभर वर्षं मागे जाऊ या, अमेरिकेत, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात.

तिथे टेलिफोनचं सामान बनायचं. हजारो कामगार, त्यांत बायकाही पुष्कळ. बारीक भाग जोडायचं काम त्या करत. काही यंत्रं जमिनीखाली पुरावी लागत, म्हणजे एक बिघडलं की खोदकाम आलंच. तपासनीस तयार माल तपासून खराब तेवढा बाजूला काढत. पण तोवर खर्च होऊन गेलेला. शेव बिघडल्यावर बेसन-तेल थोडंच परत मिळतं? त्यात माल जरा इकडेतिकडे झाला की लगेच यंत्राचा पेच फिरवायचा, आणि मग माल आणखीच कमी-जास्त यायचा.

वॉल्टर शूहार्ट नावाच्या ३३ वर्षांच्या तज्ज्ञाने १६ मे १९२४ रोजी वरिष्ठांना एक टिपण दिलं. जेमतेम एक पान, त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यात एक आकृती. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत असं: कितीही सुगरण असली तरी दोन पापड अगदी सारखे होत नाहीत. पीठ, हात, हवा यांमुळे थोडं कमी-जास्त होणारच. ती नेहमीची घट-वाढ. पण कधी एखादं खास कारण घडतं, चाळण फाटते, काटा बिघडतो. ते शोधायला हवं. दोन्हींतला फरक नुसत्या नजरेला कळत नाही, म्हणून कागदावर रेघा. मधली सरासरीची, एक वरच्या हद्दीची, एक खालच्या.

आम्ही त्या अशा काढल्या. रोज पाच पाकिटं शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तोलली. पाचांची सरासरी लिहिली, आणि सगळ्यांत जड नि सगळ्यांत हलक्या पाकिटातलं अंतरही. २५ दिवसांची मिळून सरासरी आली २०२ ग्रॅम, अंतराची सरासरी ६ ग्रॅम. पाच पाकिटांसाठी त्या अंतराला ०.५८ ने गुणायचं. साधारण साडेतीन ग्रॅम. म्हणजे हद्द २०५.५ आणि १९८.५. रोजच्या सरासरीचा ठिपका आत असला तर काट्याला आणि माणसाला हात लावायचा नाही. बाहेर गेला तर त्याच दिवशी कारण शोधायचं.

शूहार्टचं मोठं पुस्तक १९३१ साली आलं. त्याच वर्षी कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिसांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं तेव्हा, १९४७-४८ च्या हिवाळ्यात, शूहार्ट त्या संस्थेच्या पुढाकाराने भारतात येऊन इथल्या कारखानदारांना हे सांगून गेले. जपानला ही विद्या १९५० साली शिकवली ती डेमिंग यांनी. तेही ती शूहार्टकडूनच शिकलेले. माल बिघडला की कामगाराला बोल लावायचा, हे डेमिंगना मुळीच पटत नसे. बहुतेक दोष कामाच्या पद्धतीत असतो, असं ते सांगत.

आता आमचा कागद. त्या ताईच्या दिवसांचे ठिपके हद्दीच्या आतच होते. खाली घसरलेले तीन ठिपके तीन वेगवेगळ्या बायकांच्या पाळीचे, पण तिन्ही दिवस बाजाराचे! बाजाराच्या दिवशी माल पुढच्या खोलीत भरतो, काटाही तिकडे जातो. तिथली फरशी एका अंगाला खचलेली, वर पंखा चालू. त्याच काट्यावर भरून त्याच काट्यावर तोललं असतं तर हे कधीच उघडं पडलं नसतं. आणि दुकानदाराने परत पाठवलेली पाच पाकिटं? तीही बाजाराच्या दिवशीचीच.

बैठकीत दंडाचे ५० रुपये परत केले आणि वहीत तशी नोंद केली. ताईने पैसे घेतले. म्हणाली, "फरशी मी तेव्हाच दाखवली होती." खरंच दाखवली होती.