ख्रिस्ती कोणास म्हणावें ?

अमका ख्रिस्ती झाला, अशी वार्ता तेल्हाऱ्यासारख्या वऱ्हाडी बाजारगांवीं पूर्वीं पसरली, म्हणजे पहिला प्रश्न निघे तो त्याच्या देवाविषयींचा नव्हे, तर तो जेवला कोणाच्या पंक्तीस, हा. प्रश्न वरवर क्षुद्र वाटतो. पण महाराष्ट्रांत त्याच्यावर पुष्कळांचीं आयुष्यें अडलीं आहेत.

इ. स. १८४३ मध्यें मुंबईस नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानें स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांच्या बिऱ्हाडीं राहूं लागला होता. त्याचा बाप्तिस्मा मात्र झालेला नव्हता. पाद्र्यांच्या लेखीं त्याची गणना अद्याप ख्रिस्त्यांत होत नव्हती. वडील सुप्रीम कोर्टांत गेले, आणि कोर्टानें मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. प्रकरण येथें मिटावयाचें, तों खरें पेटलें. मुलानें मिशनऱ्यांच्या घरीं अन्न घेतलें होतें, तेव्हां जातीच्या दृष्टीनें तो बाटलेलाच ! बाळशास्त्री जांभेकरांनीं प्रायश्चित्त देऊन त्यास परत घेण्याच्या कामीं पुढाकार घेतला, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. डोक्यावर पाण्याचा थेंब पडला नाहीं म्हणून जो ख्रिस्ती नव्हे, तोच भाताच्या घासापायीं हिंदुही राहिला नाहीं. त्या पोराच्या श्रद्धेवरून निकाल कोठेंच लागला नाहीं. थोरल्या नारायणरावांनीं पुढें वऱ्हाडच्या सीमेपलीकडे, जालन्याकडे, बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें.

सरकारचा प्रश्न निराळा. त्यास मिळकतीची वाटणी करावयाची होती. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्म सोडल्यामुळें वारसा बुडण्याचें थांबलें. बल्लारीच्या अब्राहाम कुटुंबाच्या खटल्यांत १८६३ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, धर्म बदलणाऱ्यास जुना वारसाकायदा टाकतां येतो, आणि मनांत असल्यास पाळतांही येतो. १८६५ च्या वारसाकायद्यानें ही मोकळीक बरीचशी आटोपली. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानें तर सरळच सांगितलें : जो ख्रिस्ती धर्म मानतों असें उघड म्हणतो, तो ख्रिस्ती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं हें उघड म्हटलें, तें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं, मुंबईस. घर तत्काळ फुटलें. लक्ष्मीबाई कित्येक वर्षें माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढें पतीकडे आल्यावरही त्यांचें सोवळें एकदम सुटलें नाहीं. सुटलें तें हळूहळू, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीं मात्र अभंग सोडला नाहीं, कीर्तन सोडलें नाहीं. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते मानीत. ख्रिस्ती होणें म्हणजे साहेबी होणें नव्हे, हें त्यांनीं जगून दाखविलें. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेंच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा होती. जें दार चर्चला उघडवेना, तें एका कवीनें उघडलें ! दोनच वर्षांत, मे १९१९ मध्यें, ते वारले, आणि दरबार मूळ धरण्यापूर्वींच पोरका झाला.

आतां पंक्तीचा प्रश्न मागें पडला, दाखल्याचा पुढें आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ मध्यें शिखांस व १९९० मध्यें बौद्धांस मिळाला. ख्रिस्त्यांस मिळाला नाहीं. एकाच महार घरांतील दोन भाऊ समजा. एक बुद्धाकडे गेला, त्याचा दाखला राहतो. दुसरा ख्रिस्ताकडे गेला, त्याचा जातो. मग कांहीं घरीं प्रार्थना ख्रिस्ताची आणि कागदावर धर्म जुनाच, असा संसार चालतो. रविवारीं देवळांत पाद्री त्यास ख्रिस्ती म्हणतो, सोमवारीं कचेरींत कारकून हिंदु लिहितो, आणि शेजारी दोघांचेंही न ऐकतां त्याच्या आजाची जात सांगतो.