खुर्रमशहर ते बसरा : गरज संपली, युद्ध संपले नाही

युद्धाला विरोध केला की "तुम्ही भित्रे", आणि शस्त्र उचलण्याचे समर्थन केले की "मग तुम्ही बुद्धाचे कसले?" असा दुहेरी मारा आंबेडकरी तरुणांवर नेहमी होतो. या दोन्ही आरोपांना बाबासाहेबांनी उत्तर देऊन ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना ते मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात. बुद्धाची अहिंसा म्हणजे आक्रमकापुढे मान तुकवणे नव्हे. पण गरज नसताना केवळ इच्छेपोटी केलेली हिंसा धम्मात बसत नाही.

ही रेषा प्रत्यक्ष युद्धात कुठे ओढायची? इराण-इराक युद्धातली जुलै १९८२ ची 'रमजान' मोहीम हे त्याचे ढळढळीत उदाहरण आहे.

तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र येऊन शत्त-अल-अरब ही नदी बनते. समुद्राजवळ ती इराण आणि इराकची सीमा आहे. १९७५ च्या अल्जिअर्स करारात ही सीमा नदीच्या सर्वांत खोल प्रवाहरेषेवर ठरली. करारावर इराकच्या बाजूने सही होती सद्दाम हुसेन यांची. त्याच सद्दाम यांनी १७ सप्टेंबर १९८० रोजी करार रद्द केल्याचे जाहीर केले आणि २२ सप्टेंबरला इराणवर हल्ला केला. खुर्रमशहर इराकच्या ताब्यात गेले. इराणी सैनिक आणि स्वयंसेवक लढले आणि २४ मे १९८२ रोजी त्यांनी शहर परत मिळवले. इथपर्यंतच्या लढाईला कोणीही बोट लावू शकत नाही. ती गरज होती.

प्रश्न त्यानंतरचा आहे. जून १९८२ मध्ये सद्दाम यांनी इराणच्या भूमीतून सैन्य मागे घेत असल्याचे जाहीर केले. १२ जुलैला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युद्धबंदीचा ठराव केला. इराणचा अविश्वास निराधार नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. १९८० मध्ये इराकी फौजा इराणमध्ये असताना याच परिषदेने त्यांना मागे जायला सांगितले नव्हते. आक्रमक कोण ते जगाने ठरवावे, नुकसानभरपाई मिळावी, ही इराणची मागणी न्याय्य होती. पण तेहरानला तेवढ्याने भागणार नव्हते. सद्दाम यांची सत्ता उलथायची होती. जेरुसलेमचा रस्ता करबलातून जातो, अशी घोषणा झाली. सीमा ओलांडायची की नाही यावर नेतृत्वात वाद झाला आणि शेवटी खोमेनी यांनी होकार दिला.

१३ जुलैच्या रात्री इराणी फौजा बसऱ्याच्या दिशेने निघाल्या. समोर इराकने तयारी करून ठेवली होती : मातीचे उंच बांध, सुरुंग, काटेरी तारा, पाण्याचे अडथळे, जमिनीत पुरून ठेवलेले रणगाडे आणि तोफा. इराणकडे पुरेसे हवाई संरक्षण नव्हते, अमेरिकी बनावटीच्या शस्त्रांचे सुटे भाग मिळत नव्हते. ही उणीव माणसांनी भरून काढली गेली. बसीज दलातले अर्धवट प्रशिक्षण मिळालेले स्वयंसेवक, त्यांत कोवळी मुलेही, लाटांसारखे पुढे पाठवले गेले. पहिली मुसंडी आत घुसली आणि इराकी रणगाड्यांनी ती मागे रेटली. जुलैअखेरपर्यंत पुन्हा पुन्हा हल्ले झाले. हाती आली सीमेलगतची थोडीशी जमीन. बसरा मिळाले नाही.

दक्षिण इराकमधले शिया लोक आपल्या स्वागताला उठतील, ही अपेक्षाही फोल ठरली. इराकी सैन्यातले बहुसंख्य साधे जवान शियाच होते आणि ते इराकच्या बाजूने लढले. म्हणजे 'रमजान' नावाच्या मोहिमेत समोरासमोर मेले ते बहुतांशी एकाच पंथाचे लोक. तिकडे सद्दाम यांनी आपल्या युद्धाला 'कादिसिया' म्हटले होते, सातव्या शतकात अरबांनी इराणी साम्राज्यावर मिळवलेल्या विजयाचे नाव. एकाने धर्म वापरला, दुसऱ्याने वंशाचा अभिमान. माणूस इतक्या लांबून आणलेल्या नावासाठी मरायला तयार होतो, तेव्हा वर्तमानातले प्रश्न विचारायचे तो विसरतो. आपल्याकडे इतिहासाच्या नावाने भडकवणारे हेच करतात.

फायदा कोणाचा झाला? सोव्हिएत रशिया आणि फ्रान्सने इराकला शस्त्रे विकली. इराकला मदत करणाऱ्या अमेरिकेने १९८५-८६ मध्ये इराणलाही गुपचूप शस्त्रे पुरवली.

युद्ध आणखी सहा वर्षे चालले. जानेवारी १९८७ मध्ये 'करबला-५' या नावाने इराणने पुन्हा बसऱ्याकडे धाव घेतली; पुन्हा प्रेतांचे ढीग, पुन्हा बसरा दूरच. जुलै १९८८ मध्ये खोमेनी यांनी युद्धबंदी स्वीकारली, विषाचा प्याला पितो आहे असे म्हणत. लाखो माणसे मेली होती. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेत गिळल्यावर अडचणीत आलेल्या सद्दाम यांनी १९७५ चा करार पुन्हा मान्य केला. सीमा जिथे होती तिथेच राहिली.

बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही सीमेवरची नदीच आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य कोलियांवर युद्ध पुकारतात. सिद्धार्थ सुचवतो : आपले दोन, त्यांचे दोन आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी वाद मिटवावा. संघाच्या बहुमतापुढे तो हरतो, पण युद्धात सामील होत नाही. युद्धाच्या पोटात पुढच्या युद्धाचे बीज असते, हे त्याला दिसले होते.

आपल्या समाजाला सैनिकी परंपरा आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. महार रेजिमेंट आपली आहे. म्हणूनच युद्धाची हाक येईल तेव्हा दोन प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार आपला आहे : ही गरज आहे की कोणाची तरी इच्छा? आणि गरज संपल्याच्या दिवशी थांबायचे धाडस यांच्यात आहे का? खुर्रमशहरला हे प्रश्न विचारले असते, तर बसऱ्याच्या वाटेवर ती पोरे मेली नसती.

जय भीम.