काश्ता

अर्जावर ‘कास्ट’ हा रकाना दिसला की वाटतं, हा शब्द आपल्यासाठीच घडला असावा. तो मूळचा पोर्तुगीज: ‘काश्ता’, म्हणजे वाण, कूळ, अवलाद. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इथल्या जाती पाहिल्या आणि हाताशी असलेला हाच शब्द त्यांना चिकटवला. पुढे इंग्रजांनी तो उचलला.

स्पॅनिशांनी मात्र ‘कास्ता’ मेक्सिकोत नेला तो मिश्र संततीसाठी. अठराव्या शतकात तिथं याच्या चित्रमालिका निघत: आई, बाप, मूल आणि मिश्रणाचं नाव, बहुधा सोळा चित्रांत. स्पॅनिश आणि मूळनिवासी यांचं मूल ‘मेस्तिसो’. मेस्तिसो आणि स्पॅनिश यांचं ‘कास्तिसो’. कास्तिसोनं स्पॅनिशाशी लग्न केलं, की मूल पुन्हा स्पॅनिश! पोर्तुगीज गोव्यात मात्र ‘काश्तिसु’ म्हणजे इथं जन्मलेला, पण आईबाप दोघंही पोर्तुगीज असलेला. तिकडे अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 1924 च्या कायद्यानं आफ्रिकी पूर्वजाचा अंशमात्र निघाला तरी गोरेपण संपे; परतीची वाटच नाही.

पोर्तुगालमध्ये द्राक्षाच्या वाणाला आजही ‘काश्ता’च म्हणतात.