किल्ली कोणाकडे?

पुष्कळांच्या पैशांतून जमिनीचा व्यवहार करणे नवे नाही. 1864-65 साली बॅकबेच्या समुद्रातून जमीन वर येण्याआधीच मुंबईत तिच्या शेअरांवर सट्टा उसळला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, सट्टाही बुडाला.

त्याच अमेरिकेत 2012 च्या कायद्यानंतर असा पैसा इंटरनेटवरून जमू लागला. 2022 साली क्राउडस्ट्रीटमार्फत अटलांटा व मायामी बीच येथील इमारतींसाठी सुमारे 800 जणांनी 6 कोटींहून अधिक डॉलर दिले. पैसा त्रयस्थाकडे न राहता थेट प्रवर्तकाच्या हाती गेला. त्याने तो अन्यत्र वळवला. 2025 साली त्याने गुन्हा कबूल केला.

2024 साली सेबीने आपल्याकडेही अशा सामायिक मालकीचे नियम केले. तरी युनियनची वर्गणी देणारा कामगार विचारतो तोच प्रश्न इथे आधी विचारावा: तिजोरीची किल्ली कोणाकडे?